मामंजींची शर्यतीची नाव

आमच्या गोठ्यातली गव्हाण बघून नवा पाहुणा थबकतो. एका टोकाला निमुळती, मधे जराशी फुगीर, दुसऱ्या टोकाला सरळ कापलेली, आणि कडेला अजून कुठं कुठं पांढऱ्या रंगाचे पापुद्रे. असली गव्हाण कुणी घडवली म्हणून तो विचारतो. मी सांगते, विलायतेत घडवली. त्याला वाटतं म्हातारी थट्टा करते आहे. थट्टा कसली. ती एका गोऱ्या साहेबाची शिडाची होडी होती आणि माझ्या सासऱ्यांनी ती पारखून, चारचौघांत मिशीला पीळ देऊन विकत आणली होती. आता तिच्यात बैल पेंढा खातात. बैलांबद्दल माझी काही तक्रार नाही. मी ही गोष्ट सांगायला लागले की घरातली माणसं मात्र एकेक करून उठतात, कुणाला म्हशीचं काम आठवतं, कुणाला विहिरीचं. उठू देत. मी सांगायची थांबत नाही.

माझी सोयरीक झाली तेव्हा सासर आणि माहेर यांच्या मधे नुसती वेळवंडी नदी होती. उन्हाळ्यात दगडांवरून पलीकडे जाता येई, पावसाळ्यातसुद्धा पूर ओसरला की दोराला धरून माणसं जात. मला भाऊ नव्हता, वडील मी लहान असतानाच गेले होते, आणि आईनं मुद्दाम हे स्थळ पाहिलं होतं. लांबची चांगली स्थळं तिनं नाकारली. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर लेक द्यायची, असा तिचा हट्ट होता. लोक तिला हसले, पण ती बधली नाही.

मग धरण वाढलं. भाटघरला जुनी भिंत होतीच, तिचं पाणी आमच्यापर्यंत येत नव्हतं. नवी भिंत झाली आणि अंगावरची हळद वाळते न वाळते तोच पाणी शेतं, विहिरी, मारुतीचा पार असं एकेक गिळत वर आलं. दोन्ही काठांची गावं डोंगराच्या अंगाला सरकली. आईनं तिकडे नवं खोपट घातलं, आम्ही इकडे. मधे तळं. धरणाच्या भिंतीवरून वळसा घालून जायचं तर पहाटे निघालेलं माणूस दिवेलागणीला पोचे. उन्हाळ्यात पाणी उतरे, पण खाली दोन्ही अंगांना मांडीभर गाळ राही, त्यात गुरं रुतून मेलेली आम्ही पाहिली होती. आईचं खोपट मला अंगणातून दिसायचं. सकाळी तिच्या चुलीचा धूर दिसला की मी माझी चूल पेटवायची. ती खडकावर वाळत घातलेलं लुगडंसुद्धा ओळखू यायचं. तिला माझ्याशी बोलायचं असलं, काही हवं असलं, की ती आपलं जांभळं लुगडं मोठ्या खडकावर पसरायची. मी ते बघायची आणि इथंच उभी राहायची.

तिनं इकडे येऊन राहावं, असं कुणी म्हणेल. आमच्यात तो रिवाज नाही. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही. माझी कूस कितीतरी वर्षं रिकामी होती. आई लग्नानंतर एकदाच, पाणी चढायच्या आधी, माझ्या दारात आली. अंगणाबाहेर बाभळीखाली बसली, स्वतःच्या पदराला बांधून आणलेली भाकर खाल्ली, आणि पाणी प्यायला परत नदीवर गेली. माझ्या घरात भरलेली घागर होती.

आमच्या घराला नावेची गरज होती ती वेगळ्या कारणानं. पाणी चढल्यावर आमच्या भाताच्या खाचरांतली बरीचशी बुडाली, पण उंचावरची काही पलीकडच्या काठाला तशीच राहिली. भात तिकडे, माणसं इकडे. बुडीत जमिनीचा मोबदला मिळाला तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ठरवलं की नाव घ्यायची. भात आणायचं, पेंढा आणायचा, जमलं तर गावची माणसं इकडून तिकडे करायची. ओसरीवर हे बोलणं चाललं होतं आणि मी आत चुलीपाशी होते. त्यांनी मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हटलं, "नाव येऊ दे सूनबाई, मग रोज जा तुझ्या आयेकडं." त्या दिवशी मी भाकरीत मीठ दोनदा घातलं, आणि सासूबाई बोलल्या तरी मला काही वाटलं नाही.

नावा दोन होत्या आणि दोन्ही वापरलेल्या. धरणाचं काम संपत आलं होतं, जो तो आपापलं सामान फुंकून टाकत होता. आम्ही भोरच्या बाजाराला निघालो होतो, वाटेत धरणावर थांबलो. मला बांगड्या भरायच्या होत्या म्हणून मी गाडीत होते. मामंजी, माझा नवरा, आणि मामंजींचा जुना दोस्त, बैलांचा दलाल. तो बरोबर कशाला, असं मी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, पारख करायला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मामंजींची बैलाची पारख साऱ्या मावळात नावाजलेली होती. नसरापूरपासून लोक बैल घ्यायच्या आधी त्यांना बोलावून नेत. ते बैलाला हात लावायच्या आधी लांबून बघत, मग चालवून बघत, मग दात, खूर, शेपूट, आणि शेवटी अंगावरचे भोवरे. केसांचा भोवरा कुठं आहे यावर बैल धन्याला फळतो की खातो ते ठरतं, असं ते सांगत. त्यांनी सांगितलेलं सहसा चुकत नसे, हे मी मान्य करते. अडचण एवढीच की आमच्या डोंगरात सात पिढ्यांत कुणी नाव पाहिली नव्हती, आणि ज्याला एक पारख चांगली येते त्याला सगळ्याच येतात असं आमच्याकडे समजतात.

पहिली नाव साहेबाची. धरणावरचा एक इंजिनियर बदली होऊन चालला होता, त्यानं ती मौजेसाठी आणली होती. पांढरी शुभ्र, लांब, अरुंद, पोट खपाटीला गेलेलं, एकच उंच डोलकाठी आणि तिला दोन शिडं. पोटाखाली लोखंडाचं मोठं पातं बसवलेलं होतं. ते वर घेता येत नसे, कायम पाण्यात खोल उतरलेलं. आत बसायला जागा अशी दोन माणसांची, तीही गुडघे हनुवटीला लावून. वाऱ्याबरोबर मात्र ती अशी जायची की बघत राहावं. साहेबाच्या माणसानं तिला एक फेरी मारून दाखवली आणि मामंजी पायातली वहाण काढून उभे राहिले.

दुसरा मचवा. ठेकेदारानं तो महाडच्या खाडीतून सुटा करून, वरंध घाटातून बैलगाड्यांवर चढवून आणला होता, चुना आणि दगड वाहायला. रुंद, सपाट तळाचा, काळा. शीड जाड कापडाचं, ठिगळांवर ठिगळं. मागच्या अर्ध्या भागावर चटईचं छप्पर होतं. त्याच्यावर कोकणातला एक तांडेल आणि त्याची बायको कामाची सगळी वर्षं राहिली होती. आता त्यांना गावी परतायचं होतं. पुरुष मंडळी साहेबाच्या होडीकडे गेली तेव्हा त्या बाईनं मला हात देऊन मचव्यावर घेतलं.

मी अजून ती जागा विसरले नाही. छपराखाली ती ताठ उभी राहू शकत होती. मातीची चूल होती, तिच्याखाली वाळूची पेटी, म्हणजे लाकूड पेटायला नको. मडकी दोरीच्या चुंबळीत बसवलेली. एका बाजूला बाज, तिच्याखाली तांदळाची कणगी. दोन कोंबड्या होत्या आणि एक तुळससुद्धा होती, फुटक्या घागरीत. तिनं मला सांगितलं की पाऊस लागला तरी आत थेंब येत नाही, आणि काठाला लावायचा तर हा थेट चिखलात चढतो, घोट्याएवढं पाणी असलं तरी बास. तिनं मला गुळाचा खडा दिला. मी तो तोंडात धरून बसले आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट आली.

घर लेकीचं असलं तर आई पाणी पिणार नाही. पण हे घर नव्हतं. हे पाण्यावर होतं. या छपराखाली आई राहिली, तिची शेळी आणि तिची चूल घेऊन, आणि मचवा आमच्या काठाला लागलेला असला, तर ती कुणाच्या दारात आली नव्हती. आम्ही नाव भातासाठी वापरू, आणि बाकी वेळ ती तिची. मी मनातल्या मनात तिची बाज कुठं ठेवायची तेसुद्धा ठरवलं. नवी सून सासऱ्यांसमोर बोलत नाही, म्हणून मी उतरून नवऱ्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं. त्याला ते पटलं. त्यानं मान हलवली, सांगतो म्हणाला, आणि बापाजवळ जाऊन उभा राहिला. माझ्या नवऱ्याचं सगळं आयुष्य असंच बापाजवळ जाऊन उभं राहण्यात गेलं. तो वाईट नव्हता, पण त्याच्या तोंडातून शब्द बाहेर यायला बापाची परवानगी लागायची.

मग मामंजी मचव्याची पारख करायला आले. लांबून बघितलं. भोवती फिरले. फळ्यांवर थाप मारून कान लावला. दलालानं खाली वाकून तळ चाचपला, बैलाचं पोट चाचपतात तसा. दोघांनी मान डोलावली, लाकूड पक्कं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. आणि मग मामंजी मचव्याच्या तोंडाशी गेले. तिथं उजव्या अंगाच्या फळीत लाकडाची एक गाठ होती. मोठी, काळी, भोवती रेषा गोल गोल फिरलेल्या. सागाला नाहीतर फणसाला अशा गाठी असतात, आमच्या घराच्या दाराला होत्या, उंबऱ्याला होत्या. मामंजींनी त्या गाठीवर बोट ठेवलं आणि दलालाकडे बघितलं. दलालानं जीभ चावली.

"डोळ्याखाली भवरा हाय," मामंजी म्हणाले. "ही धन्याला खानार."

तांडेल खुळ्यासारखा बघत राहिला. ती लाकडाची गाठ आहे, असं त्यानं सांगितलं. मामंजी हसले. बैल विकणारासुद्धा भोवऱ्याला जुनी जखम म्हणतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दलालाला सांगितलं की ही म्हैस आहे, कामाला बरी पण अंगाला लावून घेऊ नये, आणि ती पांढरी म्हणजे अस्सल खिल्लार. नवऱ्यानं तोंड उघडलं होतं, मी पाहिलं. ते त्यानं मिटलं.

सौदा बाजारातल्यासारखाच झाला. दलालानं खांद्यावरचा रुमाल साहेबाच्या बटलरच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्याची बोटं दाबू लागला, भाव सांगायला. बटलर गोव्याकडचा, त्याला वाटलं याला काहीतरी झालंय. तो हात ओढू लागला, दलाल सोडेना. सगळे हसले. मीसुद्धा पदरात हसले, एवढं मला आठवतं. बांगड्या भरायच्या राहून गेल्या.

होडी घरी आली तेव्हा गावानं तिला ओवाळलं. सासूबाईंनी तिच्या टोकाला हळदकुंकू लावलं. साहेबाचा माणूस काही दिवस राहिला आणि त्यानं माझ्या नवऱ्याला शीड कसं धरायचं, सुकाणू कसं वळवायचं ते शिकवलं. नवरा ते चटकन शिकला, त्याचे हात चांगले होते. मग भात आणायची वेळ आली. पलीकडच्या खाचरातून पेंढ्या आणून तिच्यात रचल्या, ती एका अंगावर कलली आणि भात सगळं पाण्यात. दुसऱ्यांदा थोडं घातलं, ते भिजलं. त्या वर्षी भात शेवटी डोक्यावरून वळसा घालून आलं.

आणि माझी फेरी. तीही झाली, एकदाच. कार्तिकातली स्वच्छ सकाळ होती. मी माहेरी जायचं म्हणून चांगलं लुगडं नेसले, आईसाठी तीळ आणि नवी टोपली घेतली. वारा बरा होता, तळं आम्ही हा हा म्हणता ओलांडलं. आई काठावर उभी होती, तिनं शीड बघितलं होतं. तिचा चेहरा दिसायला लागला, मग तिचे हात दिसायला लागले, आणि होडी थांबली. पोटाखालचं पातं गाळात रुतलं. तिकडचा काठ उतरता, आणि खाली बुडालेल्या बांधांचे दगड, झाडांचे बुंधे. नवऱ्यानं होडी मागं घेतली, दुसरीकडून पाहिलं, तिथंही तेच. आई गुडघाभर पाण्यात आली, मग मांडीभर. पुढे गाळ होता, तिथं ती थांबली. मी टोपली फेकली, ती पाण्यात पडली, तीळ गेले, टोपली तिनं काठीनं ओढून घेतली. आम्ही दोघी ओरडून बोललो. शेळी व्याली, असं ती सांगत होती. पातं वाकेल म्हणून नवऱ्यानं होडी वळवली. आई तशीच ओल्या लुगड्यानं पाण्यात उभी राहिली, मी लहान होईपर्यंत बघत राहिली असणार, कारण मीही तिला तशीच बघत होते.

त्यावर मामंजी म्हणाले की वाट सापडेल, घाई करू नये. आणि तेवढ्यात शर्यत झाली.

थंडीत पुण्याहून साहेब लोक आपल्या होड्या घेऊन तळ्यावर येत, तंबू ठोकत, आणि शर्यत लावत. मामंजींनी मुलाला पाठवलं. साहेबांना गंमत वाटली, त्यांनी धोतरवाल्याला उतरू दिलं. साहेबांच्या होड्या भिंतीजवळून गेल्या, तिथं वारा पडला. माझा नवरा डोंगराच्या कडेकडेनं गेला, कारण दुपारी घळीतून वारा येतो हे आमच्याकडच्या पोराटोरांना माहीत असतं. तो पहिला आला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, त्याला दोन कानांचा एक चकचकीत पेला दिला. मामंजींनी मुलाला खांद्यावर घेतलं. तेव्हा त्यांचं वय खांद्यावर घ्यायचं नव्हतं. गावात गुलाल उडाला. पेला देव्हाऱ्यात गेला, खंडोबाच्या टाकाशेजारी.

त्या दिवसापासून होडीवर कामाचं काही चढवायचं नाही असं ठरलं. शर्यतीच्या बैलाला कुणी नांगराला जुंपत नाही. त्याला वेगळा खुराक असतो, वेगळी झूल असते, त्याला माणसं नुसती बघायला येतात. होडीचंही तसंच झालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिला गोठ्याबाहेरच्या मांडवात आणून मेढींवर टेकवत, जवसाचं तेल लावत. बेंदराला बैलांबरोबर तिलाही गोंडे बांधले, आणि मामंजींनी आपल्या हातानं पुरणपोळीचा घास तिच्या टोकाला लावला. पोळी खाली पडली, ती कुत्र्यानं खाल्ली. मी पुरण वाटून वाटून दमले होते, मला त्या कुत्र्याचंच बरं वाटलं. मला पलीकडे कधी जायला मिळणार असं मी त्या दिवशी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पुरणाचं पातेलं घासून ठेव.

मचवा कुणी घेतला ते आम्हाला पावसाळ्यानंतर कळलं. भोरचा एक मुसलमान व्यापारी, हिरडा आणि कोळसा खरेदी करणारा. त्यानं तो तळ्यावर फिरता ठेवला. काठाकाठानं वाड्यावस्त्यांना लागायचा, हिरडा घ्यायचा, मीठ-मिरची, तेल, कापड द्यायचा, आणि माणसंही न्यायचा. त्याची बायको बरोबर असे. छपराखाली तीच चूल पेटलेली, धूर शिडाच्या बाजूनं वर जाताना आमच्या अंगणातून दिसे. मचवा समोरून गेला की मामंजी पाठ फिरवत. मी फिरवत नव्हते.

एका बाजाराच्या दिवशी तो आमच्या काठाला लागला आणि त्यात आई बसली होती. शेळीसकट. मी हातातली घागर तिथंच ठेवून पळाले. तिला मी म्हटलं, "आये, उतर की खाली."

"न्हाई. उतरले तर तुज्या सासरच्या भुईवर आले," ती म्हणाली. "तू वर ये."

मी घरात जाऊन भाकरी, ठेचा, तांब्याभर पाणी घेऊन आले. छपराखाली बसलो. व्यापाऱ्याची बायको जरा अवघडली. आमच्या मचव्यावर खाल्लं तर गावात बोलतील, असं तिनं आईला हळूच सांगितलं. आईनं भाकर मोडली आणि म्हणाली, "बोलू दे. म्या उपाशी व्हते तवा गावानं इचारलं न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हितं खाते म्या. ही भुई न्हाई, पानी हाय. पान्याला कुनाचं सासर न्हाई."

मी जे गुळाचा खडा तोंडात धरून मनाशी ठरवलं होतं, ते तिनं न सांगता बरोबर ओळखलं. ती सगळी भाकर जेवली. मग ती माझ्या हातचं पाणी प्यायली, वरून, तांब्या उंच धरून, घटाघटा. ती म्हातारी झाली होती. माझ्या केसांत तिनं हात फिरवला आणि उवा झाल्यात म्हणून रागावली. मचवा निघाला तेव्हा पुढच्या बाजाराला येते म्हणाली.

पुढचा बाजार आला नाही. मामंजींना कळलं होतं. ओसरीवर बसून, मला समोर न घेता, भिंतीला सांगावं तसं ते बोलले, "दाराशी शर्यत मारलेली नाव उभी, आन आमची सून दुसऱ्याच्या मचव्यात जाऊन जेवती. तोंड कुठं दावू म्या?" सून काठावर उतरणार नाही, असं ठरलं. मचव्यानं आमच्या काठाला लागू नये, असं व्यापाऱ्याला सांगितलं गेलं. तो भला माणूस, त्यानं भांडण केलं नाही, खालच्या वाडीला थांबू लागला. आई मचव्यातून एकदोनदा समोरून गेली. ती हात हलवायची. मी अंगणातून हलवायची.

श्रावणात धुकं बसलं. आमच्याकडे ते बसलं की हाताचं बोट दिसत नाही, पलीकडचा काठ तर नाहीच. पाऊस आणि धुकं, कितीतरी दिवस. मग एका सकाळी फटफटीत उघडलं. मी अंगणात आले आणि बघितलं, तर मोठ्या खडकावर जांभळं लुगडं पसरलेलं होतं. पावसानं चिकटून बसलेलं. भर पावसात कुणी लुगडं वाळत घालत नाही. आणि खोपटातून धूर नव्हता.

होडी खाली डोहात उभी होती, रंग नवा, शीड गुंडाळलेलं. मी पहिल्यांदाच मामंजींच्या समोर जाऊन उभी राहिले आणि तोंडानं मागितलं, होडी द्या, मला पलीकडे जायचंय. त्यांनी सांगितलं की तिकडच्या काठाला बुंधे आहेत, पातं तुटेल, थंडीत शर्यत आहे. मी म्हटलं, मी पाण्यात उडी मारून चालत जाईन. ते म्हणाले, गाळात बुडशील, आणि मग आम्ही जगाला काय सांगायचं. खरं तर दोन्ही खरं होतं. ती होडी तिकडच्या काठाला लागू शकतच नव्हती, ज्या दिवशी पारखून घेतली त्या दिवसापासून नव्हती. नवरा बापाजवळ उभा होता.

मी डोक्यावर पदर घेतला आणि कुणाला न विचारता खालच्या वाडीला गेले. पाऊस पुन्हा लागला होता. मचव्याची वाट बघत मी एका गोठ्यात बसून राहिले, दुसऱ्या दिवशी तो आला. व्यापाऱ्याच्या बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि हात देऊन वर घेतलं. तिनं मला चुलीजवळ बसवलं. मचवा थेट आईच्या काठाला गेला, चिखलात चढला, मी पाय न भिजवता उतरले.

खोपटात शेळी नव्हती, चूल सारवलेली होती. शेजारीण आली. तिनं सगळं आवरलं होतं, आईची राखसुद्धा पाण्यात सोडली होती, शेळी आपल्या गोठ्यात बांधली होती. आईला ताप होता, बरेच दिवस. माझा आवाज चढला. मला निरोप का नाही धाडला, म्हणून मी तिला विचारलं, एक माणूस वळसा घालून आला असता तरी मी निघाले असते.

"लुगडं टाकलं न्हवं का बाय खडकावर," ती म्हणाली. "मानूस धाडनारच हुतो आमी. तुजी आयेच नगं म्हनली. लेकीच्या दाराशी नाव हाय म्हनली, मानसाच्या आदी ती पोचंल."

मी खडकावर जाऊन लुगडं काढलं. ते भिजून जड झालं होतं, पिळून पिळून मी त्याची घडी केली. ते अजून माझ्याजवळ आहे.

घरी परतले तेव्हा मामंजी ओसरीवरच होते. मचव्यानं गेली होतीस का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "व्हय. भवऱ्याच्या मचव्यानं. त्यानं अजून धन्याला खाल्लं न्हाई." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तंबाखू मळत राहिले. एवढं बोलून मला बरं वाटलं असेल असं कुणाला वाटतं. नाही वाटलं.

पुढे लढाई लागली आणि साहेब लोक तळ्यावर यायचे थांबले. शर्यत नाही म्हटल्यावर होडीकडे कुणी बघेना. ती उन्हात राहून फळ्या सुकल्या, सांधे उघडे पडले. मामंजी गेले त्याच्या पुढच्या वर्षी नवऱ्यानं पात्याचं लोखंड लोहाराला देऊन नांगराचे फाळ करून घेतले, होडीचं मागचं टोक कापलं, कारण गोठ्याच्या दारातून ती आत जाईना, आणि तिची गव्हाण केली. फाळ चांगले निघाले. तो मचवा अजून तळ्यावर आहे, व्यापाऱ्याची मुलं चालवतात, आणि त्याच्या तोंडावरची ती गाठ पाण्यानं गुळगुळीत झाली आहे.

मला मूल झालं ते खूप उशिरा, गाव आशा सोडून बसल्यावर. मुलगा झाला. बारशाच्या दिवशी सासूबाईंनी रिवाजाप्रमाणे उंबऱ्यात पाण्याचा तांब्या आणि गुळाची वाटी ठेवली, माहेरच्या माणसांसाठी. त्या दिवसापासून आई माझ्या घरचं पाणी प्यायला मोकळी झाली.